खिशातला दुसरा चेंडू

एकदा एका गावाच्या जिमखान्याने न्याय करायचे मनावर घेतले, आणि न्याय मनावर घेतल्यावर माणसे सर्वांत आधी जे करतात तेच केले. समिती नेमली. समितीत सात सभासद होते, सातही पुरुष होते, आणि सोडवायचा प्रश्न स्त्रियांचा होता. यात काही खटकण्यासारखे आहे असे त्या सातांपैकी एकालाही वाटले नाही, तेव्हा आपणही तूर्त पुढे जाऊ.

प्रश्न असा होता. जिमखान्याकडे टेनिसचे एकच मैदान, तांबड्या मातीचे, निगुतीने राखलेले. सकाळी सहा ते नऊ ते पुरुषांचे. संध्याकाळी पाच ते सात, तेही पुरुषांचे. स्त्रियांसाठी वेळ राखून ठेवली होती सकाळी अकरा ते दुपारी चार, म्हणजे ज्या वेळी त्या मातीवर कुत्रेसुद्धा आडवे पडत नाही. खेळणाऱ्या बारा जणी होत्या. त्यांतल्या नऊ नोकरी करणाऱ्या, त्यामुळे त्या वेळेचा उपयोग काय तो रविवारी, आणि रविवारी दुपारची जेवणे त्यांच्यावाचून घरात होत नसत. सकाळची वेळ दोघांत वाटून द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. चार वर्षे अर्ज जात होते आणि चार वर्षे त्यांवर विचार चालू होता.

शेवटी अध्यक्षांनी तोड काढली. हे अध्यक्ष म्हणजे निवृत्त कार्यकारी अभियंता. कुठलीही गोष्ट अटीशिवाय मंजूर करायची नाही हा त्यांचा तीस वर्षांचा सराव. ते म्हणाले, "तुमच्यातली सगळ्यांत चांगली खेळाडू आणि आमचा विजेता यांचा सामना होऊ दे. तुम्ही जिंकलात तर सकाळ वाटून घेऊ. हरलात तर पुढच्या वर्षी पुन्हा बघू." मैदानावर उभे राहण्याचा हक्क आणि पुरुषाला हरवण्याची ताकद यांचा एकमेकांशी संबंध काय, हे तिथेच विचारायला हवे होते. पण चार वर्षांनी दाराला पडलेली ही पहिलीच फट होती, आणि शर्वाणीने अट मान्य केली.

शर्वाणी त्या बारा जणींतली सर्वांत तयारीची. वय एकतीस, तंत्रनिकेतनात शिकवायची, बोलणे तोडून टाकल्यासारखे आणि फोरहँड त्याहून धारदार. पहिल्या वर्षी तिला चिटणीसांनी विचारले होते, "काही सवलत वगैरे हवी का?" ती ताठ मानेने म्हणाली, "काही नको. जे नियम त्यांना तेच मला." समोर होता धैर्यशील, साडेपाच वर्षे त्या जिमखान्याचा विजेता, सहा फूट उंच, आणि त्याची सर्व्हिस अशी की चेंडू दिसायच्या आधी मागच्या जाळीवर आदळल्याचा आवाज यायचा. सामना बेचाळीस मिनिटांत संपला. सहा-एक, सहा-एक. अध्यक्ष तिला म्हणाले, "समानता हवी होती ना तुम्हाला? दिली." त्या वाक्याने तिला जे झोंबले ते वर्षभर उतरले नाही.

दुसऱ्या वर्षी मग सर्वसाधारण सभेत एका सभासदाने भीतभीत सुचवले की दोघांचा सामना बरोबरीचा व्हावा असे काही नियम केले तर बरे. म्हणून समिती. समितीच्या पाच बैठका झाल्या, आणि शर्वाणीला प्रत्येक बैठकीला 'निमंत्रित' म्हणून बसवण्यात आले. निमंत्रित म्हणजे ऐकायचे, बोलायचे नाही.

तिने ऐकले. एक वकील होते, त्यांचे म्हणणे नियम म्हणजे नियम, त्याला हात लावला की तो खेळच उरत नाही. एक प्राध्यापक होते, त्यांनी उंची, वजन आणि हाताची लांबी यांवरून एक गुणांक काढून आणला होता. तो शून्य पूर्णांक बहात्तर आला होता आणि तो कशाला गुणायचा हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता येईना. डॉक्टरांना बायकांची काळजी वाटत होती. "एकच सेट ठेवा, दमतात बिचाऱ्या." चिटणीस म्हणाले, प्रत्येक सेटला दोन गेम तसेच देऊन टाका आणि विषय संपवा. उरलेले दोघे बटाटेवडे गरम आहेत की नाहीत याकडे लक्ष ठेवून होते, आणि अध्यक्ष प्रत्येक सूचनेनंतर म्हणत, "अभ्यास करावा लागेल." तिच्याशी खेळतो कोण, तिला कुठला चेंडू जड जातो, धैर्यशील नेमका कशावर जिंकतो, हे पाच बैठकांत कोणी विचारले नाही. स्त्री आणि पुरुष या दोन शब्दांवरच सगळी मंडळी घाम गाळत होती.

पाचव्या बैठकीच्या शेवटी सगळेच कंटाळले, आणि कंटाळल्यावर त्यांना मास्तरांची आठवण झाली.

मास्तर म्हणजे जिमखान्याचे जुने मार्कर. सभासदाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायचे, त्याचा हात बसवायचा, ही मार्करची नोकरी. ती त्यांनी चाळीस वर्षे केली. आता शहात्तरीचे होते. गुडघे गेले होते, पण पहाटे उठून मैदानावरच्या रेषा फक्कीने आखायचे काम त्यांनी कोणाला दिले नव्हते. समिती त्यांना 'मार्कर' म्हणून हाक मारी. बारा जणी 'मास्तर' म्हणत, कारण भर दुपारी अकरा वाजता डोक्याला पंचा बांधून त्यांना शिकवायला दुसरे कोणी येत नसे.

"मार्कर," अध्यक्ष म्हणाले, "तुमचं काय मत? नियम काय करावा?"

"मला चार संध्याकाळ द्या साहेब," मास्तर म्हणाले. "दोघांनी रोज एक सेट खेळायचा. नियम रोज मी सांगीन तो. आणि तुम्ही सातही जणांनी बाकावर बसायचं. चहा माझ्याकडून."

चहा म्हटल्यावर ठराव एकमताने संमत झाला.

शर्वाणीला वाटले, चला, निदान एका माणसाला तरी खेळ कळतो. सोमवारी पाच वाजता ती मैदानावर उतरली तेव्हा मास्तरांनी सांगितले, "आज काही बदल नाही. जे नियम आहेत तेच." मग त्यांनी किटलीतून सात कप चहा ओतला, समितीसमोरच्या लांब बाकड्यावर ओळीने मांडला, आपल्यासाठी एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. बसले ते मैदानाकडे पाठ करून.

तिला वाटले, पायाला कळ लागली असेल, वळतील थोड्या वेळाने. वळले नाहीत. सेट संपेपर्यंत मास्तर समितीकडे तोंड करून बसून होते. ती सहा-एक हरली. मास्तर उठले, सातही कपांत एकेक करून डोकावले, "शून्य" असे पुटपुटले आणि कप गोळा करून विसळायला गेले.

मंगळवारी त्यांनी चिटणीसांच्या सूचनेसारखेच काहीतरी काढले. प्रत्येक गेम शर्वाणीच्या बाजूने तीस-शून्यवर सुरू होणार. तिने तो सेट सहा-चार जिंकला. जिंकला खरा, पण प्रत्येक गेमच्या सुरुवातीला अंगावर कोणीतरी उतरलेले कपडे टाकावेत तसे तिला होत होते. जे दोन पॉइंट आपण मारलेच नाहीत ते आपल्या नावावर घेऊन उभे राहायचे, आणि पलीकडे धैर्यशील चेहरा पाडून खेळतोय, कारण त्यालाही न हरलेले पॉइंट हरल्यासारखे दाखवायचे होते. वकीलसाहेब वर्तमानपत्र वाचत होते. मास्तर पाठ करून बसले होते. शेवटी पुन्हा कपांत डोकावणे, पुन्हा "शून्य."

बुधवारी धैर्यशीलला चेंडू एकेरीच्या रेषांच्या आतच मारायचा होता आणि तिला मात्र दुहेरीच्या दोन्ही गल्ल्या, म्हणजे कडेच्या जास्तीच्या पट्ट्या, मोकळ्या होत्या. आता तिच्यासारखी नेम धरून मारणारी खेळाडू, आणि समोर एवढे रुंद रान! तिने त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत असे पळवले की चौथ्या गेमला तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. सहा-एक, तिच्या बाजूने. समितीने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, "छान खेळलीस हो बाळ." तिला रॅकेट बाकावर आपटावीशी वाटली. मागच्या वर्षी ती सहा-एक हरली होती तेव्हा तिला जेवढी लाज वाटली होती, तेवढीच आज जिंकून वाटत होती, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

मास्तर कपांत डोकावत होते. "अर्धा," ते म्हणाले. मग डॉक्टरांच्या कपाकडे पाहून मान हलवली. "नाही, हे मध्येच फोन घ्यायला उठले होते. शून्यच."

तिचा बांध फुटला.

"मास्तर, तीन दिवस झाले! मी इथे जीव काढतेय आणि तुम्ही कप बघताय! एकदा तरी वळून बघितलंत, मी काय खेळते ते? ते सात जण नुसते गप्पा मारतात, तुमच्याकडून तरी वाटलं होतं... आणि हे काय नियम काढताय? काल मला भीक घातलीत, आज त्याला कुत्र्यासारखं पळवलंत. हवी कोणाला असली जीत? त्यापेक्षा मी हरीन. दर वर्षी हरीन!"

मास्तरांनी सातवा कप विसळून उपडा घातला. "बसते का राग आवरून दोन मिनिटं?"

"नाही बसत."

"मग उभी राहा. मला एवढंच सांग, तो तुला हरवतो तो कुठल्या फटक्यावर?"

"सर्व्हिसवर. दुसरं काय? एकदा चेंडू खेळात आला की मी त्याला सोडत नाही. पण तो येतच नाही ना खेळात. पहिली सर्व्हिस तो आंधळेपणाने हाणतो. बसली तर पॉइंट, नाही बसली तर दुसरी आहेच."

"हं," मास्तर म्हणाले. "उद्या ये."

एवढेच. ती पाय आपटत घरी गेली. वाटेत तिने मनातल्या मनात मास्तरांना, समितीला, गुणांकाला आणि टेनिस शोधून काढणाऱ्या माणसाला यथेच्छ बोलून घेतले.

गुरुवारी मास्तर धैर्यशीलजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या खिशातला चेंडू काढून घेतला. "आज तुला सर्व्हिस एकच. चुकली की पॉइंट गेला. बाकी सगळं जसंच्या तसं. रेषा त्याच, गुण तेच. तिला दोन." मग किटली, सात कप, पालथी बादली आणि पाठ.

पहिल्या गेमला धैर्यशीलने सवयीने हाणली. जाळीत. दुसरीही जाळीत. तिसऱ्या वेळी तो थांबला. त्याने चेंडू दोनदा जमिनीवर टप्पा पाडून पाहिला आणि गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच सर्व्हिस करण्याआधी विचार केला. सर्व्हिस आली, चांगली आली, पण दिसण्याइतकी हळू आली. शर्वाणीने ती परतवली. त्याने परत दिली. तिने कोपऱ्यात मारली, तो पोचला, त्याने उंच दिली, ती मागे धावली. कितीतरी वेळाने तो पॉइंट संपला, आणि तो कोणी जिंकला हे दोघांच्याही लक्षात क्षणभर आले नाही.

मग असेच होत राहिले. तीन-तीन. चार-चार. त्याची ताकद आणि पोच मोठी होती, तिचा नेम आणि डोके तेज होते, आणि आज प्रथमच ही दोन्ही एकमेकांसमोर उभी होती. पाच-पाचला धैर्यशील हसला. हरण्याजिंकण्याचे ते हसणे नव्हते. लहान मुलाला अचानक खेळायला सवंगडी मिळावा तसे काहीतरी त्याच्या तोंडावर होते. सेट त्याने सात-पाच घेतला. शर्वाणी धापा टाकत जाळीजवळ आली आणि तिने सवयीने मास्तरांकडे पाहिले.

मास्तर उभे होते. सातही कप काठोकाठ भरलेले होते. चहावर जाड साय धरली होती, आणि एका कपात मुंगी पोहत होती.

"सात," मास्तर म्हणाले. "नियम सापडला साहेब."

"कुठे सापडला?" अध्यक्ष भानावर येत म्हणाले. पुढच्या तासाला त्यांना स्वतःला खेळायचे होते म्हणून ते अर्ध्या चड्डीत तयार होऊन आले होते. "एकच सर्व्हिस? अहो मार्कर, ही सवलतच झाली की. उद्या ही जिंकली तर लोक म्हणतील, सवलतीवर जिंकली. ते काय खरं जिंकणं?"

शर्वाणीच्या तोंडावर उत्तर आले होते. मास्तरांनी हात वर करून तिला थांबवले.

"साहेब, तुमच्या खिशात काय आहे?"

अध्यक्षांनी चाचपले. "चेंडू."

"हातात एक असताना खिशात कशाला?"

"दुसऱ्या सर्व्हिसला. हे काय विचारणं झालं?"

"आणि दुसरी सर्व्हिस कशाला?"

"पहिली चुकली तर."

"म्हणजे माणूस चुकला तर त्याला परत एक संधी द्यायची," मास्तर म्हणाले. "ही सवलत नाही का? कधीतरी कोणीतरी ठरवलं असेल, की बाबा, सर्व्हिस अवघड आहे, दोनदा करू दे. तुम्ही जन्मभर ती घेत आलात. खिशात इतकी मुरली, की तिला तुम्ही नियम म्हणता. दुसऱ्याला काही द्यायची वेळ आली, की तेवढी सवलत."

वकीलसाहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मास्तर पुढे बोलू लागले, आणि त्यांच्या आवाजात समितीने कधी न ऐकलेले काहीतरी होते. तो चाळीस वर्षांचा कंटाळा होता.

"तुम्ही महिनाभर बाई आणि पुरुष यांच्यात फरक किती, ते मोजत बसलात. एवढं मोठं गणित मला येत नाही. मला या दोघांतला फरक बघायचा होता. तो मैदानाकडे बघून कळला नसता. ही माझी शिष्या आहे, मला हिचीच बाजू दिसली असती. म्हणून मी तुमच्याकडे बघत बसलो. निकाल आधीच ठाऊक असला की माणूस निवांत चहा पितो. सोमवारी हरणार ही माहीत होतं, प्यालात. काल तो हरणार हे माहीत होतं, प्यालात. आज सातातल्या एकाचाही हात कपाकडे गेला नाही. न्यायाची व्याख्या तुम्ही शोधत होता, ती तुमच्याच पुढ्यात निवत पडली होती."

मग ते शर्वाणीकडे वळले. "आणि तू. गेल्या वर्षी काही नको म्हणालीस, तो तुझा ताठा होता. काल असली जीत नको म्हणालीस, ती तुझी समज. दोन्ही वेळा शब्द जवळजवळ तेच होते, म्हणून तुला स्वतःलाही फरक कळला नसेल."

तिला खरेच कळला नव्हता. तो आता कळला, आणि कळल्याबरोबर तिच्या कपाळावरची वर्षभराची आठी सैल झाली. चार दिवसांत या म्हाताऱ्याला आपण काय काय बोललो, हे आठवून तिने मान खाली घातली. मास्तर तोवर निवलेला चहा मैदानाकडेच्या बदामाच्या झाडाच्या बुंध्याशी ओतत होते.

सामना शनिवारी झाला. नियम ठरला होता, अटही ठरलेली होती: ती जिंकली तर सकाळ वाटली जाणार. बाकीच्या अकरा जणी बाकामागे ओळीने उभ्या होत्या. दोघीतिघींनी रजा टाकली होती. पहिला सेट धैर्यशीलने सहा-चार घेतला, दुसरा तिने सहा-चार. तिसरा पाच-पाचवर आला तेव्हा सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला होता. मैदानाला दिवे नव्हते. धैर्यशीलने एक चेंडू सोडला, तो रेषेवर पडला की बाहेर, हे कोणालाच सांगता येईना.

"थांबवा," मास्तर म्हणाले. "रेषा दिसत नाहीत."

"थांबवा म्हणजे?" अध्यक्ष उठून उभेच राहिले. "पाच-पाच झालेत! असं कसं थांबवता? उद्या सकाळी पुरा करा. सहा वाजता. सहा म्हणजे सहा, एक मिनिट उशीर चालणार नाही!"

बाकामागून कोणीतरी हसू दाबले. इतकी वर्षे ज्या वेळेसाठी अर्ज येत होते ती वेळ अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडाने, वर दम देऊन, एका बाईला दिली होती. पण आता मागे घेतली असती तर पाच-पाचचे पुढे काय झाले हे त्यांनाही कळले नसते, आणि ते त्यांना सहन होण्यासारखे नव्हते.

रविवारी पहाटे साडेपाचलाच बाक भरला. मास्तरांनी रेषा ताज्या आखल्या होत्या. थंड, ओलसर मातीवर शर्वाणीने पाय ठेवला. इतक्या वर्षांत सकाळची ही माती तिच्या पायांना माहीतच नव्हती. पायाखाली ती इतकी मऊ लागली की तिला आधी रडू आले आणि मग राग आला, की एवढे साधे सुख मिळवायला एवढा उपद्व्याप.

सहा-पाच, सहा-सहा, सात-सात. जिमखान्याच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या सेटला दोन गेमची आघाडी लागे. धैर्यशील आठ-सात पुढे गेला तेव्हा तिच्याकडे सर्व्हिस होती, खिशात दुसरा चेंडू होता. चाळीस समान झाले. एक पॉइंट गेला. पुढच्याला लांब खेळ चालला, धैर्यशील जाळीपाशी आला, त्याची उजवी बाजू उघडी पडली आणि शर्वाणीला सगळे मैदान दिसले. तिने बॅकहँड मारला. चेंडू रेषेच्या चार बोटे बाहेर पडला.

नऊ-सात. ती हरली होती.

ती आहे तिथेच उभी राहिली. अकरा जणींकडे बघायचा तिला धीर होईना. मग ती फणकाऱ्याने मास्तरांकडे आली आणि म्हणाली, "मनगट! मनगट उशिरा वळवलं मी! शंभर वेळा सांगितलंत तुम्ही, शंभर वेळा! गाढव आहे मी!"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. तिला कारण कळेना. मग हळूहळू कळले. दोन वर्षांत ती प्रथमच कोणावर चिडली नव्हती. ना समितीवर, ना नियमावर, ना धैर्यशीलच्या उंचीवर. ती हरली होती आणि त्याला जबाबदार फक्त तिचे मनगट होते. इतके स्वच्छ हरणे तिच्या वाट्याला आजवर कोणी येऊच दिले नव्हते.

पण अट अट होती. सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी घसा साफ केला. त्यांच्यासमोरचा कप भरलेला होता, आणि तो कोणी पाहू नये म्हणून की काय, त्यांनी त्यावर रुमाल टाकला.

"नियमानुसार," ते म्हणाले, आणि थांबले. "म्हणजे... एका सामन्यावरून काय ठरणार? शास्त्रीयदृष्ट्या हे अपुरं आहे. काय हो धैर्यशील?"

"उद्या सहाला परत," धैर्यशील म्हणाला. तो मातीतच बसला होता आणि हातातला एकुलता चेंडू फिरवत होता. "साडेसहा वर्षं जिंकतोय मी इथं. पण टेनिस मी या चार-पाच दिवसांत खेळलो. हिला दुपारी अकराला बोलवणार असाल, तर मीही अकरालाच येईन."

तो 'परत' अजून चालू आहे. सकाळ वाटून देण्याचा ठराव जिमखान्याच्या दप्तरात शोधूनही सापडणार नाही, कारण तो कधी झालाच नाही. सामन्याचा अंतिम निकाल लागायचा आहे, एवढेच तिथे लिहिलेले आहे. बारा जणी रोज सहाला येतात, जो समोर असेल त्याच्याशी खेळतात, आणि कोणी कोणाला काय द्यायचे ते त्या त्या जोडीपुरते ठरते. चहाचे कप बाकावर असतात.

परवा अध्यक्षांची गाठ टपाल कार्यालयातल्या सुलभाबाईंशी पडली. सुलभाबाई त्या बारा जणींतल्या पाचव्या-सहाव्या नंबरच्या, पण अध्यक्षांचे गुडघे आता मास्तरांच्या वाटेला लागलेले. पहिल्या दिवशी अध्यक्ष सरळ हरले, चहा संपला. दुसऱ्या दिवशीही संपला. तिसऱ्या दिवशी मास्तर उठले, सुलभाबाईंजवळ गेले आणि त्यांच्या ओच्यातला दुसरा चेंडू काढून घेतला.

अध्यक्षांनी ते पाहिले. त्यांच्या खिशात दोन चेंडू होते. त्यांनी मान खाली घालून पहिली सर्व्हिस केली, ती जाळीत गेली, आणि मग त्यांनी खिशात हात घालून दुसरा चेंडू बाहेर काढला. पण या वेळी, करण्याआधी, ते त्याच्याकडे क्षणभर बघत राहिले.